विंचवाच्या घामापासून रक्तातल्या आकड्यापर्यंत

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर नक्कीच.

हल्ली जालन्यात कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की रिपोर्टच्या पिशव्या सांभाळत बसलेले लोक दिसतात. त्यांच्या बोलण्यात चार-पाच नवे शब्द आलेत. ट्रोपोनिन, सीआरपी, डी-डायमर आणि आता एनटी-प्रोबीएनपी. शेवटचा शब्द कुणालाच धड उच्चारता येत नाही, म्हणून लोक सरळ 'हार्टची रक्ततपासणी' म्हणतात. कागद हातात पडला की विचारणं एकच : आकडा किती आला, आणि माणूस राहतो की नाही?

आजाऱ्याचं पुढे काय होणार, हे आधी कळावं ही इच्छा फार जुनी आहे. वैद्य नाडी बघायचे, म्हातारी माणसं नखं आणि डोळे बघायची, कुणी पंचांग उघडायचं. रक्ताच्या थेंबावरून ते सांगता येऊ लागलं, त्याला शंभर वर्षंही झालेली नाहीत. या इतिहासात आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाचा वाटा आहे. त्या माणसाकडे प्रयोगशाळा नव्हती, तपासणीचं किट नव्हतं. सुरुवात तिथूनच करतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर. गाव देहेड, तालुका भोकरदन. जन्म १९५१ चा. तेव्हा जालना हा जिल्हाच नव्हता, आपण हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होतो. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. देहेडसारख्या गावातून नागपूरच्या मेडिकल कॉलेजला जाणं म्हणजे काय, हे त्यांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात लिहिलंय. डॉक्टर झाल्यावर १९७६ साली ते कोकणात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले.

कोकणात लाल विंचू. भात कापताना, गवत उचलताना, जांभ्याचा दगड सरकवताना डसायचा. धडधाकट माणूस, खेळतं पोर, आणि काही तासांत छातीत पाणी होऊन, तोंडातून गुलाबी फेस येऊन जायचं. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी भडकतं आणि हृदय त्या ओझ्याखाली बसतं. म्हणजे हार्ट फेल्युअरच, पण वर्षांऐवजी तासांत होणारं. तेव्हा त्यावर अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं असं काहीबाही दिलं जायचं. माणसं मरायचीच.

बावस्करांनी काय केलं? ते पेशंटजवळ बसून राहिले. दर थोड्या वेळाने बीपी, नाडी, छातीचे आवाज, हातापायांचं गार-गरम, सगळं वहीत लिहीत गेले. शेकडो पेशंट झाल्यावर त्या वहीतून एक गोष्ट वर आली. डसल्या जागेच्या वेदनेने ओरडणारा, पण बाकी अंगावर काही लक्षण नसलेला माणूस बहुधा सुखरूप घरी जातो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता येते, त्याचं हृदय पुढच्या काही तासांत धोक्यात येणार. ही निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आपल्या भाषेत सांगायचं तर विषय होता, हृदयावरचं संकट आधीच सांगणारी लक्षणं.

याला आज आपण 'प्रेडिक्शन' म्हणतो. फरक इतकाच की त्यांचं यंत्र म्हणजे पेशंटच्या कपाळावरचा घाम आणि स्वतःचा तळहात.

आता पुढचं नीट वाचा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. 'हा मरणार' एवढं सांगून बावस्कर थांबले नाहीत. बीपी भडकतंय तर रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात, असा विचार त्यांनी केला. आधी सलाइनमधून नायट्रोप्रुसाइड देऊन पाहिलं. त्याला सतत पहारा लागतो, खेड्यात ते जड. मग प्राझोसिन ही बीपीची साधी, स्वस्त गोळी वापरली. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबतचा तो अनुभव १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. जिथे गंभीर रुग्णांपैकी ४० टक्क्यांपर्यंत दगावायचे, तिथे ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पुढे २०११ साली 'बीएमजे'मध्ये त्यांचा ७० रुग्णांवरचा अभ्यास आला. नुसत्या प्राझोसिनवर १० तासांत ३५ पैकी ८ जण बरे झाले, सोबत विंचवाची प्रतिविषाची लस दिली तर ३५ पैकी ३२. पद्मश्री मिळाली २०२२ साली.

म्हणजे भाकीत आणि उपाय ही जोडी आहे. यातलं एक काढलं की दुसरं निकामी. हे डोक्यात ठेवून आता रक्ताकडे येऊ.

हृदयाच्या आजाराची खूण रक्तात सापडते, हे पहिल्यांदा पक्कं दाखवलं गेलं १९५४ साली, अमेरिकेत. हार्ट अटॅक आलेल्यांच्या रक्तात एक एन्झाइम वाढतं, तेच एसजीओटी. आज आपण ते लिव्हरच्या रिपोर्टमध्ये बघतो. गंमत अशी की ते लिव्हरमध्येही असतं आणि स्नायूंतही, त्यामुळे ते वाढलं म्हणजे हृदयच बिघडलं असं छातीठोक सांगता यायचं नाही. मग सीके-एमबी आलं. १९८९ साली जर्मनीतल्या ह्युगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन-टी ची तपासणी तयार केली. ट्रोपोनिन हे स्नायूतलं प्रथिन, पण हृदयाचं ट्रोपोनिन वेगळं ओळखता येतं. हृदयाची पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. आज छातीत दुखतंय म्हणून कुणी गेलं तर ईसीजीबरोबर हीच तपासणी होते. विंचू चावलेल्या गंभीर रुग्णांतही ते वाढतं, हे ब्राझील आणि इजिप्तच्या डॉक्टरांनी नंतर दाखवलं. बिरवाडीत घामावरून जे ओळखलं जात होतं, त्याची खूण रक्तातही होती.

बीएनपीची गोष्ट आणखी मजेशीर. १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड या मूळच्या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञाने उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांना भरपूर लघवी झाली. म्हणजे काय, तर हृदय हा नुसता पंप नाही. ते किडनीला निरोप धाडतं की मीठ-पाणी बाहेर टाक, माझ्यावर ताण येतोय. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना असाच एक पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून नाव पडलं ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, बीएनपी. मागाहून कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतं. नाव मात्र मेंदूचंच राहिलं.

आपल्या घाणेवाडी तलावाचं उदाहरण घ्या. तलाव तुडुंब भरला की भिंतीवर दाब येतो, राखणदार ओरडतो, सांडवा मोकळा करा. हृदयाचा कप्पा ताणला गेला की बीएनपी हा असाच ओरडा आहे. आवाज जितका मोठा, तितका दाब जास्त. एनटी-प्रोबीएनपी हा त्याच साखळीचा दुसरा तुकडा. तो रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून लॅबवाल्यांना सोयीचा.

२००२ साली धाप लागून इमर्जन्सीत आलेल्या १,५८६ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. धाप दम्याची की हृदयाची, हे ठरवायला बीएनपी मोठी मदत करतं हे त्यात दिसलं. बीएनपी १०० च्या खाली असेल तर धाप हृदयामुळे असण्याची शक्यता कमी. एनटी-प्रोबीएनपीसाठी अचानक लागलेल्या धापेत हा आकडा ३०० धरतात. पुढच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा आकडा जितका चढा, आणि उपचारानंतरही खाली न येणारा, तितका पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त.

दमा की हृदय, हा प्रश्न आपल्याकडे किती महागात पडतो ते सांगतो. माझ्या जवळच्या नात्यातले एक गृहस्थ. नाव, गाव, दवाखाना काही लिहीत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं. शेतकरी माणूस, पासष्टीचा. चालताना धाप, रात्री आडवं झालं की खोकला, दोन उश्या घेतल्याशिवाय झोप नाही. आठ महिने दम्याचा पंप आणि अधूनमधून इंजेक्शन चालू होतं. पायाला सूज आली तर 'वयामुळे' म्हणून सोडून दिलं. शेवटी एका तरुण डॉक्टरने पायाची सूज बोटाने दाबून पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. आकडा सहा हजारांच्या वर. मग टूडी इको केली, हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं. औषधं सुरू झाली, पंप सुटला. माणूस पुढे अडीच वर्षं जगला आणि त्यातली दोन वर्षं स्वतःच्या पायाने शेतात जात होता. त्या आठ महिन्यांचा हिशेब आता कुणाकडे मागायचा?

पण आकडा म्हणजे कुंडली नव्हे. हे ठासून सांगतोय, कारण कोरोनाने आपल्याला एक वाईट खोड लावली. २०२० साली वुहानच्या १९१ रुग्णांवरचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. अ‍ॅडमिट होताना ज्यांचं डी-डायमर जास्त, त्यांच्यात मृत्यू जास्त, असं त्यात दिसलं. वर्षभरात हे शब्द गल्लीबोळात पोचले. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा आपल्याच जिल्ह्याचे होते, रोज टीव्हीवर आकडे यायचे. घरोघरी लोक सीआरपीचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवत होते. कुणाचं १२, कुणाचं ९०. सीआरपी १९३० साली अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही आग लागली की ते वाढतं. ती आग कुठे आणि कशामुळे लागली, हे ते सांगत नाही. आपण मात्र आकड्यालाच आजार समजून बसलो.

एनटी-प्रोबीएनपीचंही तसंच. वय वाढलं की ते वाढतं. किडनी कमजोर असेल तर वाढतं. ठोके अनियमित असतील तरी वाढतं. उलट अंगाने जाड माणसात ते अपेक्षेपेक्षा कमी येतं. म्हणून पन्नाशीच्या आतल्या माणसाला ४५० च्या वर, पन्नास ते पंचाहत्तरीत ९०० च्या वर आणि त्यापुढच्याला १८०० च्या वर असं वेगवेगळं माप लावतात. शेजाऱ्याचा आकडा आणि आपल्या बापाचा आकडा यांची तुलना करून रडण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. त्याच माणसाचा मागचा आकडा आणि आताचा आकडा, ही तुलना कामाची.

डॉक्टर लोकांनाही हा धडा मिळालाय. आकडा सतत मोजत राहिलं, तो ठरावीक पातळीखाली आणण्यासाठी औषधं वाढवली, तर माणूस जास्त जगेल असं वाटत होतं. अमेरिकेत 'गाइड-आयटी' नावाचा ८९४ रुग्णांचा अभ्यास झाला, निकाल आला २०१७ साली. दोन्ही गटांत फरक पडला नाही. कारण सोपं आहे. ज्यांचे आकडे मोजले जात नव्हते, त्यांनाही तिथे चांगलीच काळजी मिळत होती. मग २०२२ साली 'स्ट्राँग-एचएफ' आला, १,०७८ रुग्णांचा. त्यात डिस्चार्जनंतर पेशंटला वाऱ्यावर सोडलं नाही. काही आठवड्यांत वारंवार बोलावलं, तपासलं, एनटी-प्रोबीएनपीवर नजर ठेवून औषधांचे डोस झपाट्याने पूर्ण केले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के होतं, या पद्धतीत १५.२ टक्के. इथे आकडा पहारेकरी होता. वाचवलं ते वेळेवरच्या फेऱ्यांनी आणि पूर्ण डोसांनी. बिरवाडीच्या वहीत हेच होतं, दोन-दोन तासांची नजर आणि हातात गोळी.

आपल्या देशात काय चित्र आहे? केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली हार्ट फेल्युअरने अ‍ॅडमिट झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि पुढे त्यांचा मागोवा घेतला गेला. पाच वर्षांत ५९ टक्के गेले. दहातले जवळपास सहा. हे केरळात, जिथे दवाखाने आपल्यापेक्षा जवळ आहेत. ज्यांना ठरलेली औषधं नीट मिळाली त्यांच्यात मृत्यू कमी होते, हेही त्याच नोंदीतून कळलं. एका जिल्ह्याची नोंदवही सगळ्या देशाला कामाला आली. जालन्याची अशी नोंदवही का असू नये?

महाराष्ट्रात असं काम होत नाही असं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक बाया. त्यांच्या रक्तात दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी निघालं. त्यांची बाळं वजनाने हलकी, पण अंगात चरबी जास्त. ज्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, तिचं मूल सहा वर्षांचं झालं तेव्हा मधुमेहाकडे नेणारी खूण, म्हणजे इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, त्याच्यात सगळ्यांत ठळक होती. आईच्या रक्तातला आकडा पोराचं पुढचं सांगत होता! आणि हे कळलं ते गावातल्या बायांनी वर्षानुवर्षं रक्त द्यायला होकार दिला म्हणून. विज्ञानाच्या इतिहासात त्यांची नावं कुठे येत नाहीत, पण तो इतिहास त्यांच्या दंडातून निघालाय.

आता आपल्या गावचं बोलू. घनसावंगीच्या किंवा मंठ्याच्या टोकावरच्या वस्तीत रात्री एखाद्याला धाप लागली तर काय होतं, सगळ्यांना माहीत आहे. आधी गावातला डॉक्टर, मग तालुका, मग जालना, मग 'घाटीत न्या'. प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासणी, प्रत्येक ठिकाणी दोन तास. खासगी लॅबमध्ये या एका तपासणीला मजुराची तीन-चार दिवसांची कमाई जाते. म्हणून ती पहिल्या दवाखान्यात होत नाही, शेवटच्या दवाखान्यात होते, जेव्हा ती फक्त वाईट बातमी सांगायच्या कामाची उरलेली असते.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात जालनाही आहे. ही साधी गोष्ट नाही. निजामाच्या काळापासून आपण उपचारासाठी बाहेरगावची वाट धरतोय. इमारत, जागा, पदं यांच्या बातम्या होतील, मीही लिहीन. पण लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांपुढे तीन साध्या मागण्या ठेवतो.

एक, सिव्हिल, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या दारात बोर्ड लावा : ट्रोपोनिन आणि बीएनपीची तपासणी इथे होते का, रात्री होते का, रिपोर्ट किती वेळात मिळतो.

दोन, हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी सोडताना पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहा, आणि तो आला नाही तर आशाताईंमार्फत निरोप जाऊ द्या. मानधन मात्र त्या कामाचं वेगळं द्या.

तीन, मेडिकल कॉलेजने जिल्ह्यातल्या हार्ट फेल्युअर रुग्णांची नोंदवही सुरू करावी. यंत्र नंतर येईल, वही तर आज घेता येते. भोकरदन तालुक्यातल्या एका पोराने वहीवरच सुरुवात केली होती.

आणि वाचणाऱ्यांसाठी एवढंच. घरात कुणाला चालताना धाप लागत असेल, आडवं झाल्यावर वाढत असेल, पायाला सूज असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, तर 'दमा असेल' म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, हृदयाचं आहे का? रिपोर्ट जपून ठेवा, मागचा आणि आताचा एकत्र दाखवा. गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका. आकडा बघून घाबरू नका, आणि आकडा चांगला आला म्हणून धापेकडे दुर्लक्षही करू नका.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी झाली असेल किंवा नाकारली गेली असेल, तर कमेंटमध्ये तालुका आणि महिना लिहा. पेशंटचं नाव नको. आलेली माहिती एकत्र करून ती यादी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवतो.